कासवीची दृष्टी

परमुलखात बदली होऊन गेलेल्या माणसाच्या घरी पहिली तक्रार कोण करीत असेल, तर ते त्याचे पोट. मन पुष्कळ समजूतदार असते. नवी भाषा कानांवर पडली की ते गंमत मानून घेते, नवी देवळे पाहिली की हरखते, आणि पगाराचा आकडा तोच आहे असे पाहून महिन्याच्या अखेरीस स्वस्थ बसते. पोटाला असली समजूत पटत नाही. आम्ही तंजावरास आलो त्या वर्षी पहिले तीन महिने आमच्या जठराने चिंचेच्या रसमाशी उघड असहकार पुकारला होता. गावाहून आईने मेतकूट आणि ज्वारीचे पीठ धाडले, तेव्हा कोठे तह झाला. जे अन्न एका देहाला अमृत, तेच दुसऱ्या देहाला विष होऊ शकते, हा धडा आम्ही अशा रीतीने स्वतःच्या आतड्यांवर शिकलो होतो. असे असूनही पुढे एका मुक्या जिवावर आम्ही तोच अन्याय केला, आणि तोही प्रेमाने केला. त्या प्रसंगाने आमच्यापुढे जो प्रश्न उभा केला तो आमच्यासारख्याच दूरदूर विखुरलेल्या वाचकांपुढे ठेवावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रश्न असा: ज्या दुःखाला आपणच कारण झालो, त्याचे निवारण करण्यात पुण्य आहे काय? आणि ज्याची आपण शुश्रूषा केली, त्याच्यावर त्या शुश्रूषेने आपला काही हक्क उत्पन्न होतो काय?

गेल्या श्रावणात आमच्या कन्येला सातवे वर्ष लागले. त्या दिवशी येथील एका स्नेह्याने तिच्यासाठी पुठ्ठ्याची एक लहानशी पेटी आणली. पेटीत ओल्या फडक्यावर कासवाचे एक पिल्लू बसले होते. पानाच्या तबकातल्या चुन्याच्या डबीएवढे ते असेल नसेल. काळसर पाठीवर पिवळ्या रेषांची नक्षी होती आणि प्रत्येक उंचवट्याच्या माथ्यावरून त्या रेषा किरणांसारख्या खाली उतरल्या होत्या. या जातीला तारांकित कासव म्हणतात असे आम्हांस नंतर कळले. तारांकित म्हटले की आम्हां सरकारी नोकरांना लोकसभेतला प्रश्नच आधी आठवतो, आणि त्याचे उत्तर देताना कोणाची धांदल उडते तेही आठवते. कन्येला असले काही आठवण्याचे कारण नव्हते. तिने पाठीकडे पाहिले आणि जागच्या जागी त्याचे नाव ‘चांदणी’ ठेवले.

शेजारच्या वृद्ध तमिळ गृहस्थांना ही भेट रुचली नाही. त्यांनी आम्हांला एक म्हण ऐकवली. ज्या घरात कासव शिरले आणि ज्या घरात अमीन शिरला, ते घर कधी वर येत नाही, असा तिचा अर्थ. अमीन म्हणजे कोर्टाचा जप्ती आणणारा माणूस. “अमीन नसला तरी सरकारी कारकून या घरात आधीपासूनच आहे,” असे म्हणून आम्ही ती गोष्ट हसण्यावारी नेली. आमच्या मनात आमच्याकडची देवळे होती. महाराष्ट्रात गाभाऱ्यासमोरच्या फरशीवर दगडी कासव असते, आणि देवाला जाणारा मनुष्य त्याला हात लावून मग पुढे जातो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला त्याचीच उपमा दिलेली आहे. इकडच्या तिरुक्कुरळमध्येही पाच इंद्रिये आवरून घेणारा मनुष्य कासवासारखा असतो असे म्हटले आहे. म्हणजे शास्त्रापुरते दोन्ही मुलूख एकमताचे आहेत. मतभेद आहे तो कासव घरात घेण्यापुरता. आणि तेवढ्या बाबतीत त्या म्हणीत आम्हांला वाटला त्याहून अधिक शहाणपणा होता हे आम्हांस पुढे कळायचे होते.

चांदणीचे संगोपन सुरू झाले. घरात लहान जीव आला की मराठी घरातल्या माणसांना एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे त्याला काहीतरी खाऊ घालणे. पहिल्या दिवशी पावाचा तुकडा दुधात भिजवून पुढे ठेवला. तिने तो खाल्ला, तेव्हा घरात जो आनंद झाला तो आमच्या खात्यांतर्गत परीक्षेच्या निकालाच्या वेळीही झाला नव्हता. मग दहीभात आला, टोमॅटो आला, पिकल्या केळ्याचा काप आला. केळे तिला विशेष आवडे. तोंड चिकट होईपर्यंत ती खाई आणि कन्या टाळ्या पिटी. तिची पेटी आम्ही न्हाणीघराबाहेरच्या पडवीत ठेवली होती, कारण तेथे सावली आणि गारवा होता. कासव म्हणजे पाण्यातले जनावर, त्याला गारवाच हवा, असा आमचा पक्का समज होता.

आश्विन संपला आणि ईशान्येकडचा पाऊस सुरू झाला. आपल्याकडे आकाश निवळते त्या दिवसांत इकडे ते भरून येते. दोन-दोन दिवस ऊन पडेना. चांदणी आधी मंदावली, मग तिचे खाणे तुटले. विष्ठा पाण्यासारखी होऊ लागली, तिला आंबूस वास येऊ लागला, आणि डोळे खोल गेल्यासारखे दिसू लागले. हातात घेतली तर पूर्वी ती पाय झाडीत असे. आता नुसती पडून राही.

घरातील लहानाचे पोट बिघडले की काय करायचे हे आमच्या पत्नीला ठाऊक होते. फडताळातून बाळगुटीचा डबा निघाला, सहाण निघाली. कन्येच्या वेळचे हळकुंड, वेखंड, जायफळ आणि मुरुडशेंग अजून जपून ठेवलेली होती. दोन-दोन वेढे उगाळून चाटण तयार झाले आणि बोटाच्या टोकाने ते चांदणीच्या ओठांशी नेण्यात आले. तिने मान आत ओढून घेतली. पुन्हा प्रयत्न झाला, पुन्हा मान आत गेली. स्थितप्रज्ञाचे ते लक्षण आम्ही इतक्या जवळून प्रथमच पाहत होतो. फरक इतकाच, की तिने इंद्रिये आवरली होती ती विषयांपासून नव्हे, तर आमच्या मायेपासून. त्या रात्री कन्येने अंथरुणात विचारले, “बाबा, तिची आई कुठे आहे?” आम्ही तिला कासवीची गोष्ट सांगितली. कासवी पिलांना पाजत नाही, जवळ घेत नाही. ती दूरवरून नुसती पाहते आणि त्या पाहण्यानेच तिची पिले पोसतात, ही आपल्या संतवाङ्मयात पुन्हा पुन्हा येणारी कल्पना. कन्येने थोडा विचार केला आणि म्हणाली, “मग आपण तिला दूध का दिले?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आम्ही पशुवैद्यांकडे गेलो.

डॉक्टरांनी चांदणीला उलटसुलट करून पाहिले, पाठ अंगठ्याने हलकेच दाबून पाहिली, आणि ती काय खाते ते विचारले. आमची यादी ऐकून झाल्यावर त्यांनी जे सांगितले त्यात रागाचा शब्दही नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक लागले. हा प्राणी पाण्यातला नव्हेच. तो कोरड्या माळावरचा, काटेरी झुडपांतला. राजस्थान-गुजरातकडच्या आणि दक्षिणेकडच्या कोरड्या प्रदेशांत व सिंहलद्वीपात त्याची वस्ती आहे. कावेरीच्या खोऱ्यातली ही भातशेतीची ओल त्यालाही परमुलूखच. त्याचा जन्म गवत आणि पाने खाण्यासाठी झालेला. त्याच्या आतड्यांत जे सूक्ष्म जीव असतात ते चोथा कुजवून त्यातून पोषण काढतात. तेथे साखर आणि पीठ गेले की ते भलत्याच रीतीने आंबते, वायू धरतो आणि जुलाब लागतात. दूध पचविण्याची सोय तर त्याच्या देहात नाहीच, कारण त्याच्या कुळात कोणत्याही आईला दूध येत नाही. आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे ऊब. आपल्या पोटातला अग्नी आपल्याच देहात असतो, कासवाचा अग्नी आकाशात असतो. साधारण तीस अंशांची ऊब मिळाली नाही तर खाल्लेले अन्न त्याच्या पोटात तसेच पडून राहते. ऊन नसेल तर चुना अंगी लागत नाही, पाठ मऊ पडते. आम्ही ज्याला गारवा समजून त्याची काळजी घेत होतो, ती खरोखर विझलेली चूल होती.

उपचार साधे होते. दूध, भात, पाव, फळे बंद. दररोज कोमट पाण्याच्या उथळ ताटलीत, हनुवटी वर राहील इतक्या पाण्यात, पंधरा-वीस मिनिटे बसवायचे; त्याने अंगातले सुकलेले पाणी भरून येते आणि पोटही मोकळे होते. पेटीवर उष्णता देणारा दिवा, उघाड मिळताच कोवळे ऊन. खायला दूर्वा, जास्वंदीची पाने, तुतीची पाने, वर किंचित चुन्याची पूड. विष्ठा जंतांसाठी तपासून घ्यायची. माणसांचे एकही औषध द्यायचे नाही.

निघताना डॉक्टर म्हणाले, “सार, आणखी एक गोष्ट. हे घरी ठेवता येत नाही. वनखात्याकडे द्यावे लागेल.”

येथपर्यंतची हकीकत अज्ञानाची होती, आणि अज्ञानाला क्षमा असते. यापुढची हकीकत तशी नाही.

घरी येऊन आम्ही कायदा काढून पाहिला. कायदा पाहणे हा आमचा रोजचाच धंदा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्यात २०२२ साली जी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून जी अमलात आली, तिने हे कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, नेऊन बसविले आहे. वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारातही २०१९ साली, भारताच्याच पुढाकाराने, त्याला सर्वांत कडक परिशिष्टात घालण्यात आले. याचे कारण त्या पाठीवरच्या चांदण्या. त्यांच्यासाठी ही पिले माळावरून उचलली जातात आणि सामानाच्या पेट्यांत दडपून परदेशी धाडली जातात. चेन्नईच्या विमानतळावर ती पकडली गेल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो आणि पान उलटतो. आमच्या पडवीतली पेटी त्याच पेट्यांची धाकटी बहीण होती. कायद्यात शिक्षा कैदेची आहे. आणि १९६४ च्या वर्तणूक नियमांखाली असलेल्या माणसाला कैद ही नुसती कैद नसते. तिच्यामागून निलंबन, चौकशी आणि निवृत्तिवेतन ही सर्व शब्दांची पलटण चालत येते.

चांदणीला तत्काळ वनखात्याकडे नेणे हे कर्तव्य होते, आणि तेथे तिची अधिक चांगली निगा राखली जाण्याचा संभवही होता. आम्ही गेलो नाही. आम्ही अकरा दिवस गेलो नाही. पहिले दोन दिवस आम्ही स्वतःला सांगितले की इतक्या आजारी जिवाला हलविणे बरे नव्हे. पुढचे तीन दिवस पाऊस होता. त्यानंतर कचेरीत तिमाही विवरणपत्रांची गडबड होती. सरकारी भाषेत या प्रत्येक कारणाला ‘प्रशासकीय अडचण’ म्हणता येईल, आणि प्रत्येक कारण खरेही होते. पण रात्री दोनला उठून पेटीवरचा दिवा नीट जळतो आहे ना ते पाहणारा मनुष्य दिवसा दहा वाजता वनखात्याच्या कचेरीवरून मान खाली घालून पुढे जात होता. आमची दया रात्री उंबऱ्याच्या आत वाघासारखी फिरत होती. आमच्या नोकरीला धोका आहे असे दिसताच ती उंबऱ्यावर येऊन थांबली. दयेला झोप खर्चावी लागली, पैसा खर्चावा लागला, रजा खर्चावी लागली, आणि ते सर्व आम्ही आनंदाने खर्चले. ज्या क्षणी स्वतःला खर्चायची वेळ आली त्या क्षणी तिने हिशेबाची वही मागितली.

आणि याच अकरा दिवसांत चांदणी बरी होऊ लागली. चौथ्या दिवशी विष्ठा घट्ट झाली. सहाव्या दिवशी तिने जास्वंदीच्या पानाचा कोपरा तोडला. नवव्या दिवशी उघाड पडली, तेव्हा अंगणातल्या उन्हात ती चार पायांवर अंग उचलून तुरुतुरु चालू लागली. घरात पुन्हा टाळ्या झाल्या. आणि आम्हांस वाटले होते की ती बरी झाली म्हणजे तिला देऊन टाकणे सोपे जाईल, घडले उलटे. ते अधिक कठीण झाले. आजारी चांदणी एका स्नेह्याने दिलेली वस्तू होती. बरी झालेली चांदणी आमची झाली होती. आम्ही रात्री जागलो, आम्ही पाणी कोमट केले, आम्ही पाने धुतली. मग ती आमची नव्हे तर कोणाची?

या ठिकाणी शाळेत वाचलेली एक गोष्ट आम्हांस आठवली, आणि ती आठवताना प्रथम फार समाधान वाटले. देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेला हंस सिद्धार्थाने उचलला, त्याची जखम धुतली, त्याला बरे केले. हंस कोणाचा, असा वाद राजसभेत आला, तेव्हा न्याय झाला की मारणाऱ्यापेक्षा तारणाऱ्याचा अधिकार मोठा. आम्ही तारले आहे, तेव्हा अधिकार आमचा, असा युक्तिवाद आमच्या कारकुनी बुद्धीने क्षणात तयार केला. पण टिपणीवर सही करण्यापूर्वी जुनी फाइल पुन्हा वाचावी अशी आम्हांला सवय आहे. ती वाचली, आणि दोन गोष्टी ध्यानात आल्या.

पहिली ही, की त्या कथेत बाण एकाचा होता आणि औषध दुसऱ्याचे होते. आमच्या कथेत दोन्ही हात एकाच देहाचे. दहीभाताचा बाण आमचाच, पडवीतल्या गारव्याचा बाण आमचाच; आणि मूळचा मोठा बाण, म्हणजे माळावरून तिला उचलणे, तो आमच्यासारखे घेणारे आहेत म्हणूनच सुटला. आम्ही देवदत्तही होतो आणि सिद्धार्थही होतो. आणि देवदत्ताने केलेल्या जखमेवर मलमपट्टी करून सिद्धार्थाच्या नावाने हंस मागत होतो. आग लावणाऱ्याने पाण्याची एक घागर ओतली म्हणून घर त्याच्या नावावर होत नाही. त्याने ओतलेले पाणी हे दान नव्हे. ते ऋणाचा पहिला हप्ता आहे.

दुसरी गोष्ट आम्ही लहानपणी वाचूनही विसरलो होतो. हंस बरा झाल्यावर सिद्धार्थाने त्याचे काय केले? त्याने त्याला उडू दिले. तारणाऱ्याला मिळालेला अधिकार हा ठेवून घेण्याचा नव्हताच, तो सोडून देण्याचा अधिकार होता. देवदत्ताला हंस मिळाला असता तर त्याने तो ठेवला असता. म्हणून तो त्याला मिळाला नाही. दोघांत फरक दयेचा म्हणतात, पण दयेची ओळख शेवटच्या कृतीत पटली. जखम धुताना दोन्ही प्रकारची माणसे सारखीच दिसतात. आपल्या मालाची निगा तर सावकारही राखतो.

तंजावरात राहणाऱ्या मराठी माणसाला या बाबतीत विचार करण्याजोगे एक स्थळ घराजवळच आहे. दुसरे सरफोजी राजे (१७९८ ते १८३२ ही त्यांची कारकीर्द) यांनी जोपासलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आपण अभिमानाने पाहुणे घेऊन जातो. या विद्याव्यासंगी राजाने धन्वंतरी महाल स्थापून वैद्यकाला आश्रय दिला हेही पाहुण्यांना सांगतो. त्या संग्रहात हत्तींच्या आणि घोड्यांच्या शास्त्राचे ग्रंथ आहेत. पालकाप्याने हत्तींचे वैद्यक सांगितले, शालिहोत्राने घोड्यांचे. ही आपली परंपरा थोर आहे यात शंका नाही. परंतु हत्ती आणि घोडा ही राजाची सेना होती. ज्यांचा उपयोग होता त्यांची पोटे आपण बारकाईने अभ्यासिली. कासवाला आपण देवळात दगडाचे करून बसविले, गीतेत उपमा केले, पण ते खाते काय हे विचारण्याचे कारण फारसे पडले नाही. आमच्या पडवीत हेच लहान प्रमाणावर घडले होते. चांदणीचा आम्हांस एक उपयोग होता. ती आम्हांला आमचे घर प्रेमळ असल्याचा दाखला देत होती.

देऊ नये यासाठी आणखीही कारणे पुढे आली, आणि ती सांगितली पाहिजेत. एका सहकाऱ्याने सुचविले की एखाद्या रविवारी दूर माळावर नेऊन सोडून द्यावे. ना कागद, ना चौकशी. डॉक्टरांना आम्ही आडून विचारले, तेव्हा त्यांनी हे साफ मोडून काढले. माणसाच्या घरात वाढलेले पिल्लू तेथल्या कासवांना नवा रोग देऊ शकते. ते मूळचे कोणत्या प्रदेशाचे हे ठाऊक नसताना कोठेही सोडल्याने दूरदूरच्या वाणांची भलतीच सरमिसळ होते. आणि भक्ष्य कोठे, आडोसा कोठे, हे ठाऊक नसलेल्या जिवाला सोडणे म्हणजे त्याला टाकणे. सोडणे आणि टाकणे यांत अंतर आहे. सोडताना पुढचे पाऊल कोणाच्या तरी जबाबदारीवर असते. टाकताना आपण फक्त आपली जबाबदारी खाली ठेवतो.

दुसरे कारण असे, की अशी शेकडो पिले विकली जातात, एक परत केल्याने काय होणार? या प्रश्नाला आम्ही आमच्याच मेजावर रोज उत्तर देतो. शेकडो अर्ज पडून आहेत म्हणून हातातला एक निकालात काढू नये, असे कोणी म्हटले तर त्याला आपण कामचुकार म्हणतो. तिसरे कारण सर्वांत जड होते, आणि ते सात वर्षांचे होते. तिला काय सांगावे? आम्ही बरेच दिवस शब्द जुळवीत होतो. शेवटी एका संध्याकाळी खरे तेच सांगितले, की चांदणीला आपल्याकडे आणणे ही चूक होती, आणि ती चूक आपल्याला आता कळली आहे. कन्या रडली. मग तिने विचारले, “तुम्हांला कधी कळले?” आम्ही म्हणालो, “अकरा दिवस झाले.” ती काही बोलली नाही, पण तिने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर कोणत्याही वरिष्ठाच्या लेखी खुलाशाच्या मागणीहून कठीण होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. वनखात्याच्या कचेरीतल्या बाकावर मांडीवर पेटी घेऊन आम्ही पाऊण तास बसलो. मेजाच्या अलीकडून कचेरी कशी दिसते हे नोकरीच्या इतक्या वर्षांत आम्ही असे प्रथमच पाहिले. आतल्या गृहस्थांनी शांतपणे विचारपूस केली, जबाब लिहून घेतला. कोठून मिळाले, असा प्रश्न आला. तेथे एक खोटे वाक्य तयार होते: रस्त्यात सापडले. ते वाक्य आम्ही अकरा दिवस पाठ केले होते. आम्ही ते उच्चारले नाही. जे घडले ते सांगितले. त्यामुळे त्या स्नेह्यांचा आणि आमचा नमस्कार आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. त्या कागदाचा पुढचा प्रवासही अद्याप संपलेला नाही, आणि तो कोठे संपेल हे आमच्या हाती नाही. चांदणीच्या आहाराची आणि औषधाची चिठ्ठी आम्ही पेटीला जोडली होती. त्या गृहस्थांनी ती वाचली, घडी घालून कागदांत ठेवली, आणि पेटी आत नेली. पावतीवर ‘तारांकित कासव, पिल्लू, एक’ एवढेच लिहिले होते. नावाचा रकाना नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपण दिलेल्या दुःखाचे निवारण करण्यात पुण्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ते पुण्य जमेच्या बाजूला मांडण्याचे नव्हे, बाकी कमी करण्याचे आहे. आणि शुश्रूषेने हक्क उत्पन्न होतो काय, या प्रश्नाचे उत्तर आम्हांस असे दिसते की तो होत नाही, पण उत्पन्न झाल्यासारखा मात्र दरवेळी वाटतो. आणि तो वाटतो त्या क्षणापासून शुश्रूषेचे रूप पालटते. हे केवळ कासवापुरते नाही. आपण लेकरांना वाढवितो, आजारी वडीलधाऱ्यांची सेवा करतो, हाताखालच्या माणसाला अडचणीत सांभाळून घेतो. प्रत्येक ठिकाणी एक वेळ अशी येते, की आपण केलेल्या काळजीची पावती आपण त्या माणसाच्याच नावे फाडतो.

कासवीच्या दृष्टीविषयी आम्ही पुढे थोडे वाचले. खरी कासवी जमिनीत खळगा खणते, त्यात अंडी घालते, वर माती लोटते आणि निघून जाते. ती मागे वळून पाहत नाही. काही महिन्यांनी पिले आपली आपण बाहेर येतात आणि पहिल्या दिवसापासून आपले गवत आपण शोधतात. म्हणजे नजरेने पोसण्याची ती कल्पना सृष्टीत खरी नाही. पण आता आम्हांस वाटते की ती कासवीसाठी सांगितलेली नसावीच. ती आपल्यासाठी असावी. जवळ न ओढता, मुठीत न धरता, आपल्या ताटातले त्याच्या तोंडात न कोंबता एखाद्या जिवाचे बरे चिंतिता येते काय, अशी ती विचारणा आहे. आम्हांला ते जमले नाही. शेवटच्या दिवशी, आणि तेही उशिरा, जमल्यासारखे झाले.

बाळगुटीचा डबा पुन्हा फडताळात गेला आहे. पडवीत पेटी होती तेथे आता सकाळचे ऊन येते. पावसाळा सरला आहे. परवा कन्या तेथे उभी राहून जास्वंदीकडे पाहत होती. “पाने किती वाढली,” ती म्हणाली, आणि एकही न तोडता आत आली.